अक्षरे कुणाची, नोंद कुणाची

चंद्रपूरहून बल्लारपूर, कोठारी करत आष्टी-अहेरीकडे निघाले की वाटेत गोंडपिपरी लागते. तालुक्याच्या एका अंगाने वर्धा वाहते, तिच्या पलीकडे तेलंगण सुरू होते, आणि जवळच वर्धा-वैनगंगेचा संगम होऊन प्राणहिता गडचिरोलीच्या जंगलाच्या कडेने दक्षिणेला निघते. मराठी, तेलुगू आणि गोंडी एकमेकींच्या अंगणात वावरतात तो हा पट्टा. ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा इतिहास लिहिणाऱ्याने इकडे फिरकावे असे इथे काय आहे, हा प्रश्न कुणालाही पडेल. तो इतिहास पुण्या-बंगळुरूच्या कार्यालयांत, फार तर मुंबईतल्या हौशी मंडळींत शोधायचा, असा रिवाज आहे. आणि तो निराधारही नाही. २००० सालाच्या आसपास मुंबईत 'इंडलिनक्स' सुरू झाले, २००४ मध्ये 'लोहित' फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले झाले, पुण्यात रेड हॅटच्या लोकांनी लिनक्सचे मराठीकरण वर्षानुवर्षे चालवले. पण गोंडी भाषा आज संगणकाला कळते, तिच्या दोन लिप्या मोबाइलच्या पडद्यावर उमटू शकतात, ते कसे घडले हे मागे मागे तपासत गेले की माग पुण्यात थांबत नाही. तो बालाघाट, नागपूर, चंद्रपूर आणि आदिलाबादच्या गावांत शिरतो. तिथल्या लोकांनी एक ओळ प्रोग्राम लिहिला नाही. त्यांनी पुरावा दिला, आणि या कामात पुराव्यावाचून प्रोग्रामरला बोटही हलवता आले नसते. हे योगदान मोजायची सवय आपल्याला नाही, एवढाच इथला मुद्दा. तो मांडायला दीडशेएक वर्षे मागे जावे लागते.

गोंडी कागदावर उतरवण्याच्या सुरुवातीच्या मोठ्या प्रयत्नांपैकी एक नागपुरातला. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ पासून नागपुरात होता. शाळा चालवणे, दगड-जीवाश्म गोळा करणे आणि गोंडांची भाषा टिपणे असे त्याचे उद्योग. १८६३ मध्ये तो बुडून वारला आणि त्याची हस्तलिखिते तशीच पडून राहिली. मध्य प्रांताचा मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल याने ती संपादित करून १८६६ मध्ये छापली. त्यात गोंडी शब्दांचे कोष्टक आहे आणि गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याची दीर्घ गाथा आहे, मूळ गोंडी रोमन अक्षरांत आणि सोबत इंग्रजी भाषांतर. ही गाथा हिस्लॉपला कुठल्या ग्रंथात सापडली नव्हती. एका परधान पुजाऱ्याने ती तोंडी सांगितली आणि हिस्लॉपने शब्दशः उतरवून घेतली. परधान हे गोंडांचे पारंपरिक गाणारे आणि वंशावळी राखणारे. म्हणजे मजकूर, त्याचा क्रम, त्यातली पाठांतराची शिस्त, सगळे परधानाचे, लेखणी पाद्र्याची, छपाई सरकारची. मुखपृष्ठावर नावे हिस्लॉप आणि टेंपल यांची आली, सांगणाऱ्याची ओळख त्याच्या जातीपुरती उरली. त्या काळी असेच चाले, असे म्हणून हे सोडून देता येते. पण पुढच्या दीडशे वर्षांत तंत्र बदलत गेले आणि श्रेयाची ही वाटणी मात्र जवळपास तशीच राहिली, म्हणून ती इथे नोंदवली.

१९१८ मध्ये बालाघाट जिल्ह्यातले मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी गोंडीसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. नागरीची वळणे समोर ठेवून, पण अक्षरे आपली अशी ही रचना. कुठल्या दरबाराचा किंवा शिक्षणखात्याचा आधार तिला नव्हता. ती हाताने उतरवलेल्या वह्यांतून आणि छोट्या पुस्तिकांतून टिकली. पुढे नागपूरच्या मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांच्यासारख्या अभ्यासकांनी गोंडी भाषा आणि संस्कृतीवर आयुष्यभर लिहून तिच्याभोवती वाचकवर्ग जमवला. दरम्यान संगणक आला. संगणकाला अक्षर ठाऊक नसते, क्रमांक ठाऊक असतो. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एकच पक्का क्रमांक द्यायचा, हे काम १९९१ पासून युनिकोड करते. ज्या लिपीला क्रमांक नाही तिचे पत्र पाठवता येत नाही, शोध घेता येत नाही, तिचा फॉन्ट केला तरी तो दुसऱ्या यंत्रावर भलतेच काही दाखवतो. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टंकलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडून समोर आलेली गिचमिड ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. युनिकोडचे दार कुणालाही ठोठावता येते. प्रस्ताव कुणीही पाठवावा, प्रस्ताव सगळ्यांना वाचायला खुले. मसराम गोंडीसाठी अंशुमन पांडे या संशोधकाने २०१० मध्ये प्राथमिक प्रस्ताव मांडला, २०१५ मध्ये अंतिम. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला दुर्लक्षित लिप्यांचा प्रकल्प अशा कामांच्या पाठीशी असतो. जून २०१७ मध्ये युनिकोडच्या दहाव्या आवृत्तीत मसराम गोंडीची ७५ चिन्हे आली. लिपी घडल्याला तोवर शंभर वर्षे होत आली होती.

या प्रस्तावांसोबत एक छापील अर्ज भरावा लागतो, आणि तो वाचण्यासारखा आहे. ही लिपी वापरणाऱ्या समाजाशी संपर्क साधला होता का? साधला असेल तर कुणाशी? त्या समाजाचा आकार काय, तो छपाईत किंवा संगणकावर लिपी वापरतो का? प्रसिद्ध झालेल्या मजकुराचे नमुने जोडले आहेत का? रकाने साधेच, पण ते भरायला कुणीतरी आधी पान लिहिलेले असावे लागते. प्रस्ताव देणारा कितीही हुशार असला तरी त्याला अक्षर कल्पनेने भरता येत नाही. हे चिन्ह अमुक ठिकाणी, अमुक हातून लिहिले गेले, हे दाखवावे लागते. मसराम गोंडीच्या तक्त्यात याचे चांगले उदाहरण आहे. व्यंजनातला अ मोडण्याचे काम देवनागरीत एकच चिन्ह करते: ते कधी पायमोडीच्या रूपात दिसते, कधी अदृश्य राहून जोडाक्षर घडवते. मसराम गोंडीत या दोन कामांसाठी दोन वेगळे क्रमांक आहेत, एक दिसणारा हलंत आणि एक जोडाक्षर घडवणारा विराम. रफार आणि र-काराचे चिन्ह यांनाही स्वतंत्र जागा आहे. हे असे का, याचे उत्तर संगणकशास्त्राच्या पुस्तकात सापडायचे नाही. ती लिपी लिहिणारे हात कसे वळत होते, हे पाहून ठरवावे लागते. मराठीवाल्यांनी याचे आश्चर्य वाटून घेऊ नये. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतला फरक यंत्राला समजावताना आपलीही बरीच दमछाक झाली आहे, आणि 'ॲ' या अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये. युनिकोड सुरू झाल्यावर सतरा वर्षांनी. कोट्यवधी लोकांच्या, शाळा-वर्तमानपत्रे-सरकार असलेल्या भाषेची ही गत, तर गोंडीला शंभर वर्षांच्या वह्याच कामी याव्या, यात नवल नाही.

दुसऱ्या लिपीची गोष्ट तर गोंडपिपरीच्या नदीपलीकडची. आदिलाबाद जिल्ह्यातल्या नारनूर मंडळात गुंजाळा नावाचे गाव आहे. २००६ मध्ये हैदराबाद विद्यापीठाचे प्रा. जयधीर तिरुमल राव यांच्या पथकाला तिथे गोंडीतली हस्तलिखिते मिळाली, मसरामांच्या लिपीशी काहीही नाते नसलेल्या लिपीत. त्यांतला जुना भाग साधारण १७५० च्या सुमाराचा मानला जातो. ती वाचता येणारी मोजकीच वडीलधारी माणसे उरली होती. ती नसती तर हस्तलिखिते संग्रहालयातल्या काचेखाली गेली असती आणि अभ्यासक एकेका खुणेवर वाद घालत बसले असते. ती होती, म्हणून अक्षरमाला ठरली, बालवाचन छापले गेले, आणि जून २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत गुंजाळा गोंडीची ६३ चिन्हे आली. याच डोंगराळ पट्ट्यात मारलवाई आहे. १९४० च्या दशकात निजामाच्या राज्यात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ याने तिथे गोंड शिक्षक तयार करायचे केंद्र काढले आणि गोंडीची वाचनपुस्तके केली, तीही देवनागरीत. कारण व्यवहाराला धरून होते. त्या मुलखात मराठी सर्वत्र चालत होती. पण त्या कारणाइतकेच हेही खरे की शेजारच्या गावात गोंडीची आपली लिपी जपून ठेवलेली असताना शाळेला तिचा पत्ता नव्हता. म्हणजे जवळ असून उपयोग नाही. पान जपणारा आणि पान मागणारा एकमेकांना भेटावे लागतात. त्या भेटीला साठ वर्षे लागली.

क्रमांक मिळाला की पुढचे काम सॉफ्टवेअरवाल्यांचे, आणि इथे ओपन सोर्सची ताकद खरोखर दिसते. गुगलच्या 'नोटो' कुटुंबात दोन्ही गोंडी लिप्यांचे फॉन्ट आहेत, मुक्त परवान्याखाली. कुणीही उतरवून घ्यावेत, बदलावेत, वाटावेत. अक्षरे एकापुढे एक नीट बसवण्याचे, जोडाक्षरे घडवण्याचे काम 'हार्फबझ' नावाचा खुला प्रोग्राम करतो. अँड्रॉइड, फायरफॉक्स, क्रोम, लिबर ऑफिस सगळे त्याच्यावर विसंबतात. त्यात एकदा गोंडीची सोय झाली की या सगळ्यांत होते, प्रत्येक कंपनीच्या पाया पडावे लागत नाही. गोंडी घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, हे इथे ध्यानात घ्यावे. २०११ च्या जनगणनेत तिचे बोलणारे २९ लाखांहून अधिक नोंदले गेले. बोडोचे त्याच्या निम्मेच, पण बोडो आणि संथाळी २००३ च्या घटनादुरुस्तीने अनुसूचीत आल्या. भारतीय भाषांसाठीचे सरकारी तंत्रज्ञान मुख्यतः अनुसूचीतल्या भाषांभोवती फिरते. ज्या भाषेला सरकारी रकाना नाही तिला खुल्या प्रकल्पांचाच रस्ता उरतो. आता नोंदीकडे पाहू. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने केलेले 'गिट' आज जवळपास प्रत्येक खुल्या प्रकल्पाची हजेरीवही आहे. कुणी कोणती ओळ कधी बदलली, हे तिच्यात नावानिशी कायमचे राहते. स्वल्पविराम दुरुस्त करणाऱ्याचेही नाव राहते. गुंजाळ्यात बसून खुणेचा उच्चार सांगणाऱ्या म्हाताऱ्याचे राहत नाही, कारण तो त्या वहीपर्यंत पोचलेलाच नसतो. प्रस्तावाच्या आभारात एखाद्याचे नाव आले तर आले. हिस्लॉपच्या पुस्तकापासून आपण कितीसे पुढे आलो, ते यावरून ठरवावे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि तो दुबळा नाही. भाषा बोलणारा किंवा वही जपणारा हा विषय झाला, योगदानकर्ता कसा? खाणीतला दगड मूर्तीचा शिल्पकार ठरत नाही. गोष्ट बरोबर असती, जर त्या माणसांनी फक्त काहीतरी दिले असते आणि काही ठरवले नसते. पण अवघड निवाडे त्यांनीच केले: हे दोन आकार एकाच अक्षराची दोन वळणे आहेत की दोन अक्षरे, हे चिन्ह लेखनिकाची चूक की नियम, हा उच्चार कुठल्या खोऱ्यातला. ओपन सोर्सच्या जगात ज्याने बिघाड नेमका दाखवून दिला, तो कसा उद्भवतो हे पायरी-पायरीने लिहून दिले, त्याला योगदानकर्ता मानायचे की नाही, हा वाद कधीच संपला आहे; मानायचेच. दस्तऐवज लिहिणारा, भाषांतर करणारा, चाचणी घेणारा हेही मानले जातात. मग जाणकार वाचक का वगळायचा? फरक एवढाच दिसतो की त्याच्याकडे त्या जागी खाते उघडलेले नाही. खाते नसणे ही सोयीची बाब झाली, तत्त्वाची नव्हे.

शब्दांच्या बाबतीत हे आणखी उघड झाले. गोंडी सहा-सात राज्यांत विखुरलेली, आणि गडचिरोलीचा माडिया व आदिलाबादचा गोंड एकमेकांचे सगळेच शब्द उचलत नाहीत. 'सीजीनेट स्वर' या शुभ्रांशु चौधरींच्या उपक्रमाने २०१४ पासून वेगवेगळ्या राज्यांतल्या गोंडी भाषकांना एकत्र बसवले आणि २०१८ मध्ये साधारण तीन हजार शब्दांचा प्रमाण कोश निघाला. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांसह झालेल्या त्यापुढच्या कामाचा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला: फोनवरून, ॲपवरून, मुलांच्या गोष्टींची भाषांतरे करवून बारा हजारांच्या आत-बाहेर शब्द-वाक्ये जमली, आणि पुढेही भाषांतराला मदत करू शकतील अशी साडेसहाशेहून अधिक माणसे हेरली गेली. हा साडेसहाशेचा आकडा मला बारा हजारांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. वाक्ये एकदा गोळा होतात आणि जुनी होतात. माणसे पुढची चूक पकडतात. एकत्र बसून शब्द ठरवण्याची रीत या जिल्ह्यांना परकीही नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा बहुमताने ठरवत नाही, सर्वसहमतीने ठरवते; एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलला जातो. चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल आणि गावचे देवाजी तोफा यांनी या गावात अभ्यासगटाची पद्धत रुजवली. अभ्यासगटात बाहेरचा जाणकार येऊ शकतो, बोलू शकतो. निर्णय गाव घेते. इंटरनेटचे नियम ठरवणारे अभियंतेही हात मोजण्याऐवजी ढोबळ सहमती शोधतात, असे अभिमानाने सांगितले जाते. ते सांगताना मेंढ्याचे नाव कुणी घेत नाही, पण रीत फार वेगळी नाही, आणि एका बाबतीत गावाची अधिक काटेकोर आहे. तिथे जाणकार कोण आणि मालक कोण हे आधीच स्पष्ट असते.

मालकीचा हा मुद्दा दुसऱ्या, अधिक तिखट आक्षेपाकडे नेतो. खुले म्हणजे कुणालाही मोकळे रान. गोंडांनी पाने, शब्द, आवाज फुकट द्यायचे आणि मोठ्या कंपन्यांनी त्यावर आपली यंत्रे शिकवायची. मग हे योगदान की वेठबिगार? ज्या जंगलातून सागवान आणि बांबू पिढ्यान्‌पिढ्या बाहेर गेला, तिथे हा प्रश्न विचारला जाणारच. मेंढ्याचाच दाखला घेऊ. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पासबुक ग्रामसभेच्या हाती आले. ते जंगल सामूहिक आहे, पण कुणीही यावे आणि तोडावे असे नाही. सामाईक संपत्तीच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी हाच भेद जगभरच्या उदाहरणांनी दाखवला: सामाईक आणि बेवारस या दोन वेगळ्या गोष्टी. मग लिपीचे काय? बांबू तोडला की त्याचे बेट रिकामे होते, अक्षर वापरले म्हणून कमी होत नाही. उलट न वापरले तर मरते. म्हणून फॉन्टला, क्रमांकाला, कोशाला कुंपण घालण्याचा आग्रह मला पटत नाही. कुंपण घातले असते तर हार्फबझमध्ये गोंडी आलीच नसती. पण आक्षेपाचा अर्धा भाग खरा आहे. वापराने अक्षर संपत नसले तरी दोन गोष्टी संपू शकतात: कुणी दिले याची आठवण, आणि पुढे काय बदलायचे ते ठरवण्याचा हक्क. परधानाच्या गाथेबाबत पहिली संपली. दुसरी आवाजाच्या नमुन्यांबाबत धोक्यात आहे, कारण कोणत्या बोलीला प्रमाण मानायचे हे नमुने जमवणारा हळूच ठरवून टाकतो. खुल्या परवान्यात नकलेची मोकळीक लिहिलेली असते. अभ्यासगट कोण आणि ग्रामसभा कोण, हे लिहिलेले नसते. ते प्रकल्प चालवणाऱ्यांनी वेगळे लिहून ठेवावे लागते, आणि फार थोडे ठेवतात.

तिसरे म्हणणे व्यवहारी माणसाचे. गोंडपिपरीच्या बाजूला गोंडी बोलणारा लिहितो तेव्हा सहसा देवनागरीतच लिहितो. शाळा मराठी, अर्ज मराठी, मोबाइलवरचा कळफलक मराठी. गोंडीत मसराम-गुंजाळा असे दोन पर्याय, आणि दोन्हींवर एकमत नाही. मग ही १३८ चिन्हे कुणासाठी नोंदवली? याला उत्तर देताना वापराचे दावे फुगवण्यात अर्थ नाही. आज या लिप्यांतला रोजचा व्यवहार थोडाच आहे, आणि बऱ्याच फोनवर योग्य फॉन्ट नसेल तर मजकुराऐवजी चौकोनांची रांगच दिसते. पण मारलवाईचा धडा विसरू नये. १९४० च्या दशकात देवनागरी निवडली गेली तेव्हा दुसरा पर्याय टेबलावर नव्हता, म्हणून ती निवड होती असेही धड म्हणता येत नाही. आता तीन पर्याय टेबलावर आहेत. उद्या एखाद्या ग्रामसभेने देवनागरीच बरी असे ठरवले तर तो तिचा निर्णय असेल, आणि तोही खुल्या सॉफ्टवेअरला तितकाच उपयोगी पडेल. देवनागरीतल्या गोंडीलाही शुद्धलेखन तपासणी, शब्दसूची, वर्णक्रम लागतातच, आणि ती कामे लिपीच्या क्रमांकापेक्षा लांबलचक आहेत. ती करायला पुन्हा तीच माणसे लागतील: चार खोऱ्यांतले शब्द ठाऊक असलेली, आणि कुठला शब्द परका वाटतो ते ऐकताक्षणी सांगणारी.

युनिकोडच्या तक्त्यात या दोन लिप्या लागोपाठ बसल्या आहेत. मसराम गोंडीच्या वाट्याला ९६ घरे आली, त्यांतली ७५ भरली. गुंजाळा गोंडीची ८०, त्यांतली ६३ भरली. उरलेली ३८ घरे मोकळी आहेत, आणि ती भरण्याची रीत बदललेली नाही. बालाघाटपासून सिरोंच्यापर्यंत कुणाच्या घरी, तक्त्यात नसलेले चिन्ह असलेली वही निघाली तर तिचे छायाचित्र, ते चिन्ह कसे वाचायचे हे सांगणारा माणूस आणि तो जुना अर्ज, एवढे पुरे होते. अर्जात 'समाजातल्या कुणाशी संपर्क साधला' हा रकाना आहेच. त्यात यावेळी संस्थेऐवजी माणसाचे नाव लिहायला कुणाची हरकत नसावी.